पास झालो आणि नानांचा चेहरा उतरला

प्रिय नाना,

काल आमच्या कॉलेजात भुसावळहून एक गृहस्थ आले होते. रेल्वेतले. मुलगा शिकतोय असा दाखला त्यांना हवा होता, रेल्वेच्या मेडिकल कार्डावरचं त्याचं नाव टिकवायला. टोपी हातात धरून ते अगदी तुमच्यासारखे उभे राहिले, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तुम्हाला लिहावंसं वाटलं.

मी बी.कॉम. झालो तो दिवस आठवतो का? आई क्वार्टरोक्वार्टरी पेढे वाटत होती आणि तुम्ही ओट्यावर तोंड पाडून बसलात. "एवढ्यात संपलं?" इतकंच विचारलंत. असा कसा हा बाप, असं मला वाटलं होतं.

माझ्या हृदयाची झडप बदलावी लागेल, असं डॉक्टरांनी त्या निकालाआधीच सांगितलं होतं; तेव्हा तुम्ही शांतपणे "बदलू" म्हणालात. भुसावळच्या लोको शेडमधले फिटर तुम्ही, जणू ते काम तुमच्याच पाळीत आलं होतं. पण ऑपरेशन मुंबईला, रेल्वेच्या दवाखान्यात, आणि नंबर लागायला वेळ होता. मी एकविशी ओलांडलेली. शिकत असलो तरच कार्डावर नाव राहणार. ते कटलं असतं, तर आपल्या ऐपतीत ऑपरेशन या जन्मी झालं नसतं.

तरी मी तुमच्याशी किती भांडलो! जळगावला केळीच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी मिळत होती. ती आणली होती तुमच्या थोरल्या भावाने, आबांनी. त्यांनी चारचौघांत ऐकवलं, "पोरगं कमावतं व्हायची येळ आली, आन् तू त्याले अजून शाळेत घालू ऱ्हायला?" तुम्ही नुसते हसलात. दुसऱ्या दिवशी मला एस.टी.त घालून धुळ्याला आणलंत.

इथल्या कॉलेजच्या कारकुनाने एम.ए.चा विषय विचारला. तुम्ही म्हणालात, "ज्याले जास्त वर्षं लागतीन तो लिवा, साहेब." सगळी रांग हसली. "सगळ्यांना दोनच वर्षं, बाबा." तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "मंग ह्याले विचारा."

मी मराठी म्हणालो.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी ऑपरेशनचा नंबर लागला. मी शुद्धीवर आल्यावर तुम्ही वाकून माझ्या छातीशी कान दिलात, बराच वेळ ऐकलंत आणि म्हणालात, "ठोका बराबर पडू ऱ्हायला." मग बाहेर जाऊन रडलात, असं आई सांगायची.

लोक म्हणतात, नानांना शिक्षणाची भारी हौस. मी हो म्हणतो. खरं तर शिक्षणाशी तुमचं काय देणंघेणं? तुम्हाला मुलगा जिवंत हवा होता. तेवढ्यासाठी सातवी शिकलेल्या माणसाने मला प्राध्यापक करून टाकलं! अजूनही विचार केला की थक्क होतो.

कालच्या त्या गृहस्थांना आमच्या ऑफिसात सांगितलं होतं, साहेब घरी गेले, उद्या या. मी प्राचार्यसाहेबांच्या घरी जाऊन दाखल्यावर सही आणली. वर्गात पोरं गप्प झाली की माझ्या झडपेची टिकटिक पहिल्या बाकाला ऐकू जाते. त्यांना वाटतं, सरांचं घड्याळ. ती वाजतेय तोवर, नाना, कार्डासाठी आलेला एकही बाप माझ्या कॉलेजातून रिकाम्या हाताने भुसावळला परतणार नाही.

तुमचा, अजून शिकत असलेला,
सुरेश