फ्रीजवरची माशांची यादी

बाईसाहेब,

आपल्या गरोदर लेकीला रक्ततपासणीला नेतोय. तिच्या अंगात पारा किती गेलाय ते बघायचंय, आणि तो मीच घातलाय.

'गरोदरपणात मोठा मासा बंद, बारीक चालेल' ही तुझी फ्रीजवरची यादी मी पाहुण्यांना नाट्यवाचनाच्या थाटात ऐकवायचो. तू शाळेत शिकवायला गेलीस की लाड म्हणून लेकीला मोठाच मासा तळून द्यायचो. काल डॉक्टरांपुढे ती सगळं बोलून गेली. मोठ्या माशात पारा साठतो, बाळाच्या मेंदूला बाधतो, असं ते म्हणाले. तू म्हणाली होतीस तस्संच, फक्त पांढरा कोट घालून.

तीस वर्षं सतत बरोबर असण्याचा तुला कंटाळा कसा येत नाही गं?

बारीक मासे साफ करून ठेवलेत. यादी काढू नकोस. खाली मी सही केलीय.