नॉर्मल आहे, येऊ नको

उंद्री, सोमवार

श्री. इंद्रभानभाऊ यांस शालिग्रामचा नमस्कार. तिकडे जानेफळला वहिनींची कंबर, तुझी म्हैस आणि तू, तिघंही याच क्रमाने ठीक असाल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे नॉर्मल आहोत.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर मी 'नॉर्मल' म्हणतो आणि तू ते खरं मानतोस. हा घोटाळा एकदा झाला तेवढा पुरे, म्हणून पत्र.

हा शब्द आपल्या गावात कधी शिरला ठाऊक नाही, पण आता त्याच्याशिवाय पान हलत नाही. हॉटेलवाला विचारतो, पाणी थंड की नॉर्मल. न्हावी विचारतो, कटिंग नॉर्मल का (डोक्यावर दीडशे केस उरलेत, त्यांचं दुसरं काय करणार). आमच्या अनुपमाची डिलिव्हरी नॉर्मल झाली. ती पोरगी, छकुली, आता तीन वर्षांची आहे आणि तिला नॉर्मल म्हणायची कोणाची छाती नाही. ट्रॅक्टर खडखडायला लागला तर मिस्त्री म्हणाला, "आवाज नॉर्मल हाय, काका." दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर अमडापूरच्या रस्त्यात बंद पडला, तो बैलांनी ओढून आणावा लागला.

भाद्रपदात माझं पोट दुखलं हे तुला माहीत आहे. चिखलीला दवाखान्यात नेलं. शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल, लिव्हर नॉर्मल. मी विव्हळत होतो आणि डॉक्टर एकेक कागद वाचून माझं अभिनंदन केल्यासारखं बोलत होते. शेवटी सोनोग्राफीत पित्ताचा खडा दिसला, तर त्याचीही साइज नॉर्मल. तीन दिवस ठेवून घेतलं.

त्या तीन दिवसांत ज्याचा फोन आला त्याला मी सांगितलं, नॉर्मल आहे, येऊ नको. आपल्याकडे आजाऱ्याने असंच म्हणायचं असतं आणि ऐकणाऱ्याने लगेच गाडी काढायची असते. हिंमतराव नऊ माणसं घेऊन आला (ते एका बारशाला निघाले होते, वाटेत मलाही उरकलं). येणाऱ्या प्रत्येकाला दुखणं पहिल्यापासून सांगावं लागे. तिसऱ्या दिवशी आमच्या रुक्मिणीबाईच ते माझ्यापेक्षा चांगलं सांगू लागल्या, विव्हळण्यासकट. बिस्किटांचे एकतीस पुडे जमले. ते अजून संपत नाहीत, गाईनेसुद्धा तोंड फिरवलं आहे. एकूण त्रेचाळीस माणसं येऊन गेली. तू आला नाहीस.

तुझाही फोन आला होता. मी म्हणालो, "नॉर्मल हाय बे, येऊ नको." तू म्हणालास, "बरं, मंग राहू देतो." आणि खरंच राहू दिलंस. त्रेचाळीस जणांना या वाक्याचा अर्थ बरोबर कळला, आणि ज्याच्यासोबत मी मेहकरच्या बोर्डिंगात पाच वर्षं एका ताटात जेवलो त्यालाच कळला नाही. दाराचा पडदा हलला की मी उठून बसायचो, आणि आत बिस्किटं यायची. मला फार वाईट वाटलं. म्हणून चार महिने मी फोन केला नाही. तूही केला नाहीस. (रुक्मिणी म्हणते, भावजींना वाटलं असेल, सगळं नॉर्मल आहे. ती पहिल्यापासून तुझ्याच बाजूची.)

असो. माझा राग वगैरे काही नाही. तूर निघाली, थंडी नॉर्मल आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
शालिग्राम

ता. क. : खडा वाढला आहे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी बुलढाण्याला ऑपरेशन ठरलं. दुर्बिणीतून करतात, डॉक्टर म्हणतात एकदम नॉर्मल. मला भीती वाटते. हे मी रुक्मिणीला सांगितलेलं नाही, आणि पुण्याहून आमचा दीपक रोज फोन करतो, त्यालाही नाही.

आणखी एक : यायची काही गरज नाही.

शेवटचं : गाडी घरून सकाळी सातला निघेल. माझ्याशेजारची जागा हिंमतराव मागून राहिला आहे, मी अजून त्याला हो म्हटलेलं नाही. बिस्किटं आणू नको. हे मात्र खरंच म्हणतोय.