पात्र

चाकण, रविवार

ती. बाबाले प्रणितचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. खोलीवर पाणी येते, जेवणही ठीक आहे. धानाचं रोवणं आटपलं काय? आईचा गुडघा कसा आहे?

दिव्यानीच्या दहावीच्या मार्कशिटचा फोटो मोबाइलवर भेटला. खाली 'कौशल्य विकासास पात्र' लिहिलं होतं. मी 'पात्र' तेवढं पाहिलं आन् पेढ्याचा डबा घेऊन कंपनीत गेलो. डबा उघडायच्या आधी सायबाले फोटो दाखवला. तो हसला. म्हणाला, "अरे, म्हणजे नापास. आता तसं लिहीत नाहीत." मंग त्यानं विचारलं, "बहीण का तुझी?"

मी म्हटलं, "नाई, गावातली एक पोरगी आहे."

डबा तसाच खोलीवर परत आणला. अजून खोलला नाई.

माह्या वेळी कागदावर सरळ 'अनुत्तीर्ण' छापून आलं होतं. तरी त्याच दिवशी तू मले सायकलवर बसवून सिंदेवाहीच्या बाजारात नेलं. टपरीवर कोणीतरी विचारलं, हे नापास पोरगं कोणाचं? तू म्हटलं, "माहंच आहे. त्याले चहा दे."

दोनदा फोन लावला, पण पाण्यापावसाचंच बोलून ठेवून दिला. हे पत्र तुले दिव्यानीच वाचून दाखवणार, हे मले माहीत आहे. म्हणूनच लिहिलं.

दिव्या, सायबाले मी काय म्हटलं ते गाळू नको. बाबाले ऐकू येईल असं वाच.

तुहा भाऊ,
प्रणित