गोदाम मदत पाठवा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कमरेने परवानगी दिली तेवढाच वाकलो आहे; उरलेला मनात पुरा केला.) देवाच्या दयेने इकडे सगळे ठीक. तुझ्या गुडघ्याची सूज आणि भाऊजींचा राग, दोन्ही उतरले असतील. भाचीच्या लग्नाला आठ दिवस आधी येतो, हे तुला कळवून टाकले होते. साहेबांना कळवायचे राहिले होते, आणि घोळ तिथेच झाला.

आमचे पंपांच्या सुट्या भागांचे गोदाम तुला माहीत आहेच. तिथल्या मालासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर टाइप करायचे, 'गोदाम शोधा', 'गोदाम मोजा', 'गोदाम पाठवा'. पहिला शब्द म्हणजे हाक, दुसरा म्हणजे काम. (घरातही असेच चालते. आधी 'अहो' ऐकू येते, मग काम.) पण कुठल्या कामापुढे काय लिहायचे, हे एकट्या मला ठाऊक, त्यामुळे दिवसभर माझ्या टेबलाशी रांग. साहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तर हे लोक विचारणार कुणाला? यंत्रालाच सांगायला शिकवा. एक दिवस तुमच्यावाचून नीट जाऊ दे, मग घ्या रजा."

म्हणून 'मदत' नावाची आज्ञा लिहायला बसलो. मदत मागणारा आधीच कावलेला असतो, त्याला उभ्या उभ्या कसे वाटेला लावणार? आधी विचारपूस केली, मग एकेक काम समजावले (शाळेत गुरुजी भागाकार समजावत तसे, म्हणजे सगळे झोपेपर्यंत), आणि निरोप देताना राहवले नाही म्हणून शेवटी लिहिले, 'यापुढे परमेश्वर तुम्हाला सांभाळो.'

ताई, मजकूर लांबला की वरचा भाग सरकून जातो आणि शेवट तेवढा समोर उरतो, हा पडद्याचा स्वभाव मी विसरलो. पॅकिंगच्या वहिनींनी (त्या साहेबांच्याही वहिनीच) मोठ्या विश्वासाने मदत मागितली. सर्रकन काहीतरी पळाले आणि उरली माझी शेवटची ओळ. त्या ओरडल्या, "अहो, यंत्राने हात टेकले! आता देवच म्हणतंय!" साहेब धावत आले, त्यांनीही मदत मागितली, आणि त्यांनाही परमेश्वराच्या हवाली करण्यात आले.

मग सगळे मोडून नव्याने बांधले. नुसती मदत मागितली की कामांची नावे, प्रत्येकापुढे एक ओळ, एका पडद्यात मावतील एवढीच. एखादे काम खोलात कळायला हवे असेल तर मदतीपुढे त्याचे नाव लिहायचे. शोधण्याबद्दल हवे तर 'गोदाम मदत शोधा'. पाठवण्याबद्दल हवे तर... आले ना लक्षात? माझ्या आले नाही. वहिनींनी 'गोदाम मदत पाठवा' टाइप केले आणि चष्मा शोधायला उठल्या. तेवढ्यात फेरीवरचा पहारेकरी आला. खुर्ची रिकामी, पडद्यावर हा मजकूर. त्याने आगीची घंटा बडवली! आम्ही सगळे अंगणात, साहेबांच्या एका पायात बूट, दुसरा हातात, आणि पहारेकरी वाळूची बादली घेऊन पॅकिंगच्या टेबलाखाली आग शोधतोय.

"अहो, मी चष्मा शोधत होते!" वहिनी म्हणाल्या.

"मग तसं लिहायचं ना!" तो म्हणाला.

ताई, मी इतका हसलो की आधाराला साहेबांच्या हातातला बूट धरावा लागला. 'पाठवा' काढून मी तिथे 'रवाना' घातले. मालाला आम्ही तसेच म्हणतो. आता त्याच जागी 'गोदाम मदत रवाना' असे येते. पहारेकरी ते वाचतो, मान डोलावतो आणि निश्चिंत मनाने स्टुलावर जाऊन बसतो. परमेश्वराची ओळही मी काढलेली नाही. प्रोग्राममध्ये माणसाने वाचायच्या पण यंत्राने न दाखवायच्या ओळी असतात, त्यांत ठेवली आहे. मदत मागणाऱ्याला ती दिसत नाही एवढेच.

भाऊजींना नमस्कार, भाचीला अनेक आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. रजा मंजूर झाली. काल दिवसभर कुणीही मला काही विचारले नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

ता. क. आज सकाळपासूनही कुणी विचारले नाही. दोनदा उगाच पॅकिंगमध्ये जाऊन आलो. वहिनी म्हणाल्या, "काही हवंय का?" तेव्हा लग्नात मला मानाच्या खुर्चीवर बसवू नकोस. दारात उभा कर. चपला कुठे काढायच्या, हात कुठे धुवायचे, जेवण कुठल्या बाजूला, जे काही असेल ते लोकांनी मलाच विचारावे अशी काहीतरी सोय कर. आणि कृपा करून पाट्या लावू नकोस.