बाबांच्या डबीतलं बी

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण टोमॅटो. बाबा गेल्यावर आपण त्यांच्या डबीतलं बी निम्मं-निम्मं वाटून घेतलं, त्यातलं माझं उरलंसुरलं सगळं पेरलं. सहा रोपं आली. बाबांसारखीच रोज संध्याकाळी झारीने डोक्यावरून आंघोळ घालते. दवाखान्यात डबल ड्यूटी लागली की दोन दिवस राहून जातं, मग भरपाई म्हणून बादलीभर ओतते. आता खालच्या पानांवर तपकिरी डाग पडलेत आणि पहिल्याच फळाचं बूड काळं झालंय. आई खिडकीतून बघते, बोलत काही नाही.

तरी बरं, तुझ्याकडे बी आहे. माझं फसलं तरी बाबांचं वाण बुडायचं नाही.

वहिनींना नमस्कार, तुला रागे भरायला मोकळीक.
तुझी चिमणी

१० मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आधी ती आंघोळ बंद कर. बाबांच्या गच्चीवर वारा होता, पानं लगेच वाळायची. तुझ्या गॅलरीला तीन बाजूंनी भिंती. तिथे ती रात्रभर ओली राहतात. डागाळलेली पानं तोडून कचऱ्यात टाक, कुंडीत नको. पाणी सकाळी, तेही बुंध्याशी. काळं बूड म्हणजे रोग नव्हे, तुझ्या उपास-पारण्याचा प्रताप आहे. रोज सारखं पाणी दे, मातीवर वाळक्या पानांचा थर घाल. आणि खताचा मारा करू नकोस, नुसता पाला माजेल.

हे मला कसं ठाऊक, ते आता सांगूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी माझी सगळी रोपं याच आंघोळीने गेली. तुला मात्र ‘झकास आहेत’ असं लिहीत राहिलो. माझ्याकडे एकही बी नाही, चिमणे. लाज वाटते. आईला कळवू नकोस.

जमलं तर लोभ ठेव.
दादा

२० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इतकी चिडले होते की दोन दिवस तुझं पत्र डोळ्यांसमोर नको झालं. मग कात्री घेतली. चार रोपं उपटावीच लागली, दोन राहिली. ही दोन काही झालं तरी जाऊ द्यायची नाहीत, असं ठरवलं. सकाळचं पाणी आईकडे सोपवलं. खुर्ची गॅलरीत नेली, हातात मापाचा तांब्या दिला. तेव्हा कुठे ती बोलली. पानांवर पाणी नको, असं ती बाबांना तीस वर्षं सांगत होती म्हणे, पण तिचं ऐकतो कोण!

आजवर अठरा फळं लागली. बुडं स्वच्छ. पहिलं पिकलेलं आईने स्वतः चिरलं, बी धुऊन कागदावर वाळवलं. तुझी लबाडी मी तिला सांगितली, माफ कर. ती एवढंच म्हणाली की निम्म्या बिया आधी दादाला पाठव.

सोबतच्या पुडीत चाळीस आहेत. दर रविवारी पत्र हवं, आणि पानावर एक डाग पडला तरी तो त्यात आला पाहिजे. आईने निक्षून सांगितलंय, ‘झकास’ हा शब्द तुला बंद.

लोभ असू दे, रोज थोडा थोडा.
तुझी चिमणी