धूपप्रतिबंधक सोयरीक

गारखेडा, संभाजीनगर.

तीर्थरूप दाजींच्या पायांवर कडूबाचं डोकं (टक्कल वाढलंय, पण डोकं तेच). आक्काचा गुडघा कसा आहे? दौलताबादच्या चढावर तिला उगी हिंडवू नका. सीताफळांना यंदा बहर बरा आला असंल. इकडं आम्ही मजेत. नुसतं मजेत काय म्हणतो, दाजी, तुमच्या गावचा किल्ला एकट्यानं सर करून आल्यासारखं वाटतंय! आपल्या तनूचं लग्न जमलं! पेढे मागनं येतील, आधी ही हकिकत चष्मा लावून पुरी वाचा आणि आक्कालाही मोठ्यानं ऐकवा.

मुलगा कोकणातला, मिहिर. तनूच्याच कंपनीत होता, पण नोकरी सोडून गावी गेला आणि समुद्राकाठच्या घराला लागून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. लग्नानंतर तनू तिथंच राहणार. (घर डोळ्यानं पाहिल्याबिगर पोरगी द्यायची नाय, ही आमच्या बापाची शिकवण. आक्काच्या वेळी तुमचा गोठासुद्धा पाहिला होता त्यांनी.) म्हणून तनू, तिची आई आणि मी गाडी करून निघालो.

गावाच्या तोंडाशीच बांबू आडवा. बाजूला हाफ पँट, बनियन आणि खांद्यावर पंचा असा एक म्हातारा पावतीपुस्तक घेऊन बसलेला. मागं ग्रामपंचायतीची पाटी : 'किनारा धूपप्रतिबंधक निधी. पर्यटकांनी कर भरून सहकार्य करावे.' आता दाजी, माझी अख्खी उमर उस्मानपुऱ्यात कूलर विकण्यात गेली. 'भाई, धूप बहुत है' म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी पोरं शिकवली. धूप रोखणं हा तर माझा धंदा! उतरलो खाली. म्हटलं, बाबा, धूप रोखायचा कर घेता, मग मांडव कुठाय? आधी सावली दाखवा, मग रोख मोजतो. वर मी त्याला फुकटचा सल्लाही दिला की, समुद्राच्या दमट हवेत कूलर चालत नाय, ग्रामपंचायतीच्या गळ्यात कुणी मारत असंल तर आधी मला विचारा. (तनूची आई गाडीतून 'अहो, बसा की आता' म्हणत होती. तिला धंद्यातलं काय कळतंय!)

शेवटी म्हातारा उठला, भलीमोठी काळी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाला, "चला, काम दाखवतो." मी निजामाच्या थाटात पुढं आणि तो छत्री घेऊन मागं! वाळूत पोचलो तर मांडव नाय अन् काय नाय, नुसती काळ्या दगडांची भिंत, तीही अर्धवट. मला लई हसू आलं. म्हटलं, भर दुपारी ऊन डोक्यावर असताना भिंतीची सावली पडणार कुठं? इंजिनियर कोण तुमचा? परत नाक्यावर आलो. पावती न फाडताच म्हाताऱ्यानं बांबू वर केला आणि मी मिशीला पीळ देत गाडीत बसलो.

मुलाच्या घरी हातपाय धुतले, चहा आला, आणि 'बाबा आलेच' म्हणता म्हणता सदरा घालून तोच म्हातारा दारात! मुलाचा बाप, आणि वर गावचा सरपंच. (तनूनंही त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.) तनूनं माझ्याकडं असं पाहिलं, दाजी, की हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. पोरीनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं आणि बापानं ते जिभेपायी घालवलं, असंच वाटलं मला. पण म्हातारा खो खो हसत सुटला! म्हणाला, "गाडीचा एमएच वीस, संभाजीनगरचा नंबर बघूनच ओळखलं होतं. कराच्या पैशाचं काम दाखवा, असं म्हणणारा आमच्या ग्रामसभेत एक निघत नाही. व्याही असाच हवा." झालं की नाय काम? हुंडा नाय, मानपान नाय, लग्न तिथंच समुद्रावर. उस्मानपुऱ्यात दुकानोदुकानी सांगून आलो की, बघा, आपल्या अख्ख्या वऱ्हाडाला कर माफ करून घेतला!

आपला, आता मुलीकडचा असूनही ताठ मानेचा,
कडूबा

ता. क. धूप म्हणजे ऊन नव्हे. समुद्र किनारा खात आत येतो, त्याला म्हणतात. तुम्ही बांधबंदिस्तीवाले शेतकरी, तुम्हाला पाटी वाचतानाच कळलं असंल. हसू नका.

आणखी एक. कर माफ झालेला नाय. उलट व्याह्यांनी तेवढी एकच गोष्ट मागितली, की वऱ्हाडातल्या प्रत्येकानं नाक्यावर कर भरायचा, म्हणजे 'सरपंचाचे पाहुणे फुकट' असं कुणी म्हणायला नको. आता मी कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही थोरले, भावकी तुमचं ऐकती. कडूबानं बाता मारल्या असं खुशाल म्हणा, पण सांगा.

आता पुढचं आक्काला वाचून दाखवू नका. सरपंचानं भिंत कोळ्यांच्या घरांपासून सुरू केली आणि स्वतःचं घर शेवटी ठेवलं. मधेच निधी संपला. भिंत त्यांच्या अंगणाच्या अलीकडं थांबलीय. आम्ही जेवायला बसलो तर भरतीचं पाणी पायरीला लागत होतं, आणि घरातलं कुणी मान वर करून बघतसुद्धा नव्हतं, एवढी सवय झालीय. त्या घरात आपली तनू नांदणार. तेव्हा दाजी, एकानंही कर चुकवू नये असं बघा. मी परतताना दोनदा भरला.