मांडीतली सळई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत, आणि या वेळी हे वाक्य नुसतं सवयीने लिहिलेलं नाही.

कारखान्यात का जात नाहीस, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा गुडघा धरलाय म्हणून मी वेळ मारून नेली. इकडे ह्यांनी घरातली सगळी पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाकली आहेत, बाथरूमच्या भिंतीला दांडा ठोकलाय, आणि मला बादली तर सोडच, पाण्याचा जगसुद्धा उचलू देत नाहीत. गुडघ्यासाठी कोणी एवढं करतं का गं?

आता बसून वाच. छातीतल्या गाठीचा तो जुना आजार सहा वर्षांनी परत आलाय, मांडीच्या हाडात. दिवसभर उभं राहून गणवेशांचं कापड कापते म्हणून पाय दुखतोय, असं मी धरून चालले होते. फोटोत हाड एका जागी पोखरलेलं दिसलं. ते मोडायच्या आधीच हाडांच्या डॉक्टरांनी आतून सळई घातली आणि तिथला तुकडा तपासायला पाठवला. तुला कळवलं नाही, कारण तू रडत आली असतीस आणि तुझी समजूत घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

काल रिपोर्ट आला. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्यासारखाच आहे, हार्मोनवर पोसणारा. म्हणजे गोळ्यांनी त्याचं खाणं तोडता येतं. मुळापासून जाणार नाही, पण असा आजार बऱ्याच जणींचा वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो." हाडं बळकट करायला अधूनमधून इंजेक्शन. बाकीची हाडं सध्या स्वच्छ. मी एवढा मोठा सुस्कारा सोडला की बाई हसल्या.

पण ह्यांचं समाधान होईना.

"कुकर उचलला तर?"

"उचलू दे."

"जिना?"

"कठडा धरून, सावकाश."

मग कानाच्या पाळ्या लाल करून विचारतात, "आणि झोपेत माझा हात पडला अंगावर, तर काही मोडणार नाही ना?"

बाई म्हणाल्या, "अहो, हात काय, खुशाल मिठी मारा!"

ताई, फोटो बघितल्यापासून हे बाहेर सोफ्यावर झोपत होते. मला बोट लावत नव्हते. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, माझ्याशिवाय राहायची आत्तापासूनच सवय करतायत. दुखण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं होतं. आणि हा वेडा माणूस घाबरला होता, की मी त्याच्या हातात मोडेन!

बाहेर पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधल्या फटीत, त्यांनी मला जवळ घेतलं. जन्मभर पाण्याच्या पंपांचे नट आवळले, पण मला धरलं ते उकडलेलं अंडं धरावं तसं. मी म्हटलं, "अहो, जरा जोरात." तर हुंदके देऊन रडायलाच लागले. वॉचमन टक लावून बघत होता. बघू दे मेला.

रडायचं असेल तर तूही तिथेच रडून घे आणि मग ये. आलीस की मला घट्ट धर. कोणी जपून धरलं की माझा धीर सुटतो.

तुझी,
न मोडलेली धाकटी